बाबा पण डेव्हलपमेंटलाच होते

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन महिने हाफिसातल्या रामरगाड्यात कसे गेले कळलंच नाही, आणि जे थोडेफार वीकांत मिळाले ते झोपण्यात घालवले. यंदा दिवाळीला मात्र ठरवून आठ दिवस घरी गेलो. घर म्हणजे चिखला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. पुण्यात कुणाला सांगितलं की आधी हसतात, मग विचारतात, नागपूरच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचं, अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा, तुमसर रोडला उतरायचं आणि गोबरवाहीच्या रस्त्याला लागायचं. थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेशच. गावाची ओळख एकच, मँगनीजची खदान. शंभर वर्षांहून जुनी, इंग्रजांच्या काळातली. १९६२ पासून मॉइलकडे. माझे बाबा त्याच खदानीत मेट होते, म्हणजे जमिनीखाली कामगारांच्या टोळीवर देखरेख ठेवणारे. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले.

बॅगेत दोन लॅपटॉप होते. एक कंपनीचा, एक माझा. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये एक रिकामी एक्सेल शीट माझी वाट बघत होती. त्याचं असं झालं, की मार्चमध्ये आम्ही एका क्लायंटला त्यांच्या गोदामांसाठी एक सिस्टिम बनवून दिली. बनवून दिली म्हणजे ठरल्या तारखेला लाइव्ह केली. तेव्हापासून रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गोदामाचा साठा जुळत नाही, आणि माझ्या टीममधली दोन पोरं आलटून पालटून रात्र जागून तो हाताने जुळवतात. तिसरी एक होती, तिने ऑगस्टमध्ये पेपर टाकला. उघडी तिकिटं १४३. आणि आता क्लायंटला फेज टू हवीय! ट्रकवाल्यांसाठी मोबाइल ॲप, साहेब लोकांसाठी डॅशबोर्ड, वगैरे वगैरे. निघताना मॅनेजरचा फोन आला, "अरे, दोन महिन्यांत होईल ना? तू फक्त आकडा टाक, बाकी मी बघतो." दिवाळीनंतरच्या मंगळवारी एस्टिमेट द्यायचं होतं. मॉड्यूल लीड मी, त्यामुळे त्याखाली नाव माझं. पुढच्या वर्षी ऑनसाइटच्या यादीत माझं नाव असणं-नसणं हेही बहुधा त्याच आकड्यावर.

साहजिकच पहिले दोन दिवस मी दुसरा लॅपटॉप उघडला. :)

त्यावर सायबरपंक २०७७ चं फँटम लिबर्टी होतं. पुण्याहूनच उतरवून आणलं होतं, कारण गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एवढं काही उतरवायचं म्हणजे पुढची दिवाळी यायची. ओसरीत बसून खेळत होतो. बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"काय करून राह्यला रे?"

"गेम आहे बाबा. जुन्या गेमचा नवीन भाग."

"म्हंजे सिनेमावानी? पार्ट टू?"

"नाही. गेम तोच, शहर तेच. त्याच शहरात एक नवी वस्ती उघडली, नवी गोष्ट आली. मूळ गेम तुमच्याकडे नसेल तर हे चालतच नाही. याला एक्स्पान्शन म्हणतात."

बाबांनी चहाचा घोट घेतला. "म्हंजे शाफ्ट तोच, लेवल नवी."

मी चाटच पडलो. इतकी सोपी व्याख्या मी कुठे वाचली नव्हती. मग त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "हे बनवते कधी ते लोकं? पयला गेम विकून झाल्यावर?"

हा प्रश्न फक्त बाबांचा नाही. बहुतेकांना असंच वाटतं, की गेम बाजारात येतो, चालला तर स्टुडिओवाले एक मीटिंग घेतात आणि म्हणतात, चला, आता एक्स्पान्शन काढू. प्रत्यक्षात मोठ्या स्टुडिओत ही आखणी गेम बाहेर पडायच्या आधीच सुरू झालेली असते. त्याचं एक कारण आपल्या आयटीवाल्यांना लगेच कळेल. बेंच!

म्हणजे बघा. गेम संपत येतो तेव्हा सगळे विभाग एकाच वेळी मोकळे होत नाहीत. कथा लिहिणारे आणि सुरुवातीची चित्रं काढणारे आधी मोकळे होतात. मग एक तारीख येते, तिच्यानंतर नवीन काही आत घालायचं नाही. तिथे थ्रीडी मॉडेल बनवणारे आणि लेवल रचणारे मोकळे. उरतात प्रोग्रॅमर आणि टेस्टर, ते बग मारत बसतात. मग तो बिल्ड सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो यांच्याकडे तपासणीला जातो, तिथून पास व्हावा लागतो, डिस्क छापल्या जातात. या सगळ्या काळात त्या मोकळ्या झालेल्या आर्टिस्ट मंडळींचं करायचं काय? घरी पाठवलं तर परत येणार नाहीत. म्हणून त्यांना पुढच्या भागावर लावतात.

बाहेरून बघणाऱ्याला मात्र वेगळंच दिसतं. मार्च २०१२ मध्ये मास इफेक्ट ३ आला, आणि त्याच दिवशी फ्रॉम ॲशेस नावाचा जादा भाग वेगळ्या पैशांनी विकायला. त्यातल्या काही फायली मूळ डिस्कवरच सापडल्या, आणि लोक असे भडकले की विचारू नका. आमच्याच गेमचा तुकडा कापून आम्हालाच विकता काय? कधीकधी हा राग खरा असतो, आणि कधीकधी ते निव्वळ बेंचचं गणित असतं.

दुसरं कारण पैशाचं. एक्स्पान्शन बनवायला मूळ गेमपेक्षा स्वस्त पडतं. इंजिन तयार, टूल्स तयार, पात्रं तयार, टीमचा हात बसलेला. पण त्याला एक छत असतं. ज्याच्याकडे मूळ गेम आहे तोच गिऱ्हाईक. त्यातही विकत घेतलेला गेम शेवटपर्यंत खेळणारे कमीच. स्टीमवर कुठल्याही गेमच्या अचीव्हमेंट्सची टक्केवारी उघडून बघा, शेवटच्या प्रकरणापर्यंत आकडा कसा घसरत जातो ते दिसेल. त्यामुळे नवी गोष्ट कुठे जोडायची हा मोठा निर्णय असतो. शेवटानंतर जोडली तर तिथवर पोचलेल्यांनाच दिसणार. म्हणून फँटम लिबर्टी मूळ कथेच्या मध्येच उघडते. द विचर ३ च्या ब्लड अँड वाइनमध्ये (२०१६) तर ज्याला मूळ कथा पुरी करायची नसेल त्याला तयार पात्र घेऊन थेट तिथूनच सुरुवात करता येते.

तिसरी भानगड म्हणजे जुन्याशी जुळवणं. इथे मला हॉस्टेल आठवतं. नागपूरला इंजिनिअरिंगला असताना आमच्या मजल्यावर लॅन टाकून एज ऑफ एम्पायर्स २ चालायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री सुद्धा. १९९९ चा गेम, २००० मध्ये त्याचं काँकरर्स एक्स्पान्शन, आणि आम्ही २०१६ मध्ये तेच खेळतोय. बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ २००९ मध्ये बंद पडला, पण गेम मेला नाही. खेळणाऱ्यांनीच हौसेने फॉरगॉटन एम्पायर्स नावाची भर बनवली. तीच पुढे २०१३ मध्ये अधिकृत एक्स्पान्शन झाली आणि त्यात पहिल्यांदा भारतीय आले. हौशी मंडळींचा रीतसर स्टुडिओ झाला. २०२२ मध्ये डायनेस्टीज ऑफ इंडिया आलं आणि त्या एका 'भारतीय'चे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार झाले. (मराठे नाहीत! असो.)

आता गंमत बघा. आधी ३९ संस्कृती होत्या, म्हणजे एकमेकांविरुद्ध ७४१ जोड्या. तीन वाढल्या, झाल्या ४२, जोड्या ८६१. तीन नवीन गोष्टी टाकल्या तर १२० नवीन लढती तोलून बघायला लागल्या. एक्स्पान्शनचं बरंच काम असं असतं, जे जाहिरातीत कधी दिसत नाही.

हे सगळं मी बाबांना माझ्या परीने सांगितलं. मला वाटलं आता म्हणतील, बंद कर ते आणि बाजारातून पणत्या घेऊन ये. पण ते समोर खुर्ची ओढून बसले.

"मंग? तसंच तर असते. मी सा वर्सं डेव्हलपमेंटले होतो."

मला हसू आलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही कुठे डेव्हलपमेंटला?"

"तुमच्याच बापाचा शब्द हाय का तो?"

आणि मग त्यांनी सांगितलं. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालो, त्या खदानीच्या पगारावर इंजिनिअर झालो, आणि बाबा खाली नेमकं काय करायचे हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

खदानीत दोन प्रकारची कामं असतात, प्रॉडक्शन आणि डेव्हलपमेंट. प्रॉडक्शन म्हणजे मँगनीज काढायचं, वर पाठवायचं, टनाचा आकडा लिहायचा. डेव्हलपमेंट म्हणजे पुढच्या मँगनीजपर्यंत पोचायची वाट करायची. खडकातून बोगदा न्यायचा, वर-खाली जायला उभी वाट काढायची, हवा खेळती करायची, रूळ टाकायचे. त्या दिवशी हाताला मँगनीज फारसं लागत नाही, नुसता दगड निघतो. साहेबांच्या रिपोर्टात त्या दगडाला भाव नाही.

"पन ते बंद केलं ना," बाबा म्हणाले, "तं एक-दोन साल का फरक पडत नाई. प्रॉडक्शन चांगलं दिसते. साहेब खूश. मंग एक दिवस लेवल संपते, आन् पुढची तयारच नाई. सारे पोट्टे कुदळ घेऊन उभे."

म्हणजे स्टुडिओवाले बेंचवरच्या आर्टिस्टना पुढच्या कामाला लावतात तेच की हे. मी गप्प ऐकत होतो. मग विचारलं, "पण जिथलं काढून झालं ती जागा तशीच पोकळ ठेवायची?"

"अशी कशी ठेवशील? भरा लागते."

इथे जमिनीखाली ज्या पद्धतीने काम चालतं तिला कट अँड फिल म्हणतात. म्हणजे कापा आणि भरा. खालून वर जायचं असतं. आधी तळाचा एक थर कापायचा, माल काढून घ्यायचा. मग त्या पोकळीत रेती भरायची. रेती पाण्यात कालवून वरून पाइपाने सोडतात, पाणी निथळून जातं, रेती घट्ट बसते. त्या रेतीवर उभं राहून डोक्यावरचा पुढचा थर कापायचा. पुन्हा भरायचं, पुन्हा वर. ती भरणी दोन कामं करते. बाजूच्या खडकाला आधार देते, आणि माणसाला उभं राहायला जमीन देते.

"घाई असली तं?" मी विचारलं. "समजा साहेब म्हणाले, भरणी राहू द्या, आधी वरचा थर काढा?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, घाई असेल तर शर्टाच्या आत बनियन घालायची की नाही.

"भरल्याबिगर वर जाता येत नाई रे. उभा कशावर राह्यशील?"

त्या रात्री मी गेम उघडला नाही. झोपही लागेना. मग माझ्या लक्षात आलं, की मी जे एक्स्पान्शन एवढं कौतुकाने खेळत होतो त्याची सगळी गोष्ट म्हणजे ही भरणीच आहे. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अशी अवस्था होती, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला. पुढच्या जूनमध्ये परत घेतला. फँटम लिबर्टी आलं सप्टेंबर २०२३ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षं पॅचवर पॅच. एक्स्पान्शनच्या पाच दिवस आधी त्यांनी २.० नावाचा अपडेट दिला, सगळ्यांना फुकट. कौशल्यांचं झाड नव्याने रचलेलं, पोलीस नव्याने लिहिलेले. आधी रेती, मग वरचा थर. आणि जुन्या कन्सोलांसाठी एक्स्पान्शन काढलंच नाही. जिथे भरणी टिकणार नाही तिथे वर चढायचं नाही, हा निर्णयही त्यातच आला.

लांब कशाला, आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने राजी: ॲन एन्शंट एपिक बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी काम सोडलं नाही. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. दिसायला देखणा, पण लढाईबद्दल खेळणाऱ्यांच्या तक्रारी होत्या. मग २०२२ मध्ये त्यांनी काय केलं? एनहान्स्ड एडिशन काढली, ज्यांच्याकडे गेम आहे त्यांना फुकट. लढाई सुधारली, हिंदी आवाज दिले. मूठभर माणसांच्या स्टुडिओला हे किती महाग पडलं असेल याचा अंदाज आपण पगारदार माणसं करू शकत नाही.

उलट उदाहरणंही आहेत. मास इफेक्ट: अँड्रोमेडा मार्च २०१७ मध्ये आला, लोकांनी टर उडवली, आणि ऑगस्टमध्येच जाहीर झालं की एकट्याने खेळायच्या भागात यापुढे काही भर नाही. कथेचे धागे लोंबकळत राहिले. त्याच बायोवेअरचा अँथम २०१९ चा. तो पायापासून नव्याने बांधायला घेतला होता, तेही काम २०२१ मध्ये थांबवलं. भरणी महाग असते. उशिरा सुरू केली की परवडेनाशी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना माझ्या फेज टूची हकिगत सांगितली. १४३ तिकिटं, रात्री जागणारी पोरं, पेपर टाकून गेलेली मुलगी, सगळं. ते ऐकून म्हणाले, "तुमच्याकडे छत पडून माणूस तं मरत नाई ना. म्हनून तुमी भरत नाई."

यावर मला उत्तर सुचलं नाही. खरंच आहे. आमच्याकडे पोकळी दिसत नाही, आणि छत सावकाश खाली येतं. कुणाला ॲसिडिटी, कुणाची झोप गेलेली, कुणी पेपर टाकतं. रिपोर्टात त्याचा रकाना नाही.

मंगळवारी एस्टिमेट पाठवलं. पहिली ओळ: "फेज वन स्थिरीकरण, सहा आठवडे, नवीन काहीही नाही." त्याखाली फेज टू, साडेतीन महिने. पाठवायचं बटण दाबताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू. दहा मिनिटांत मॅनेजरचा फोन.

"अरे, हे सहा आठवडे मी क्लायंटला विकू कसे?"

मी म्हटलं, "विकू नका. त्यांना दाखवा, रोज रात्री साठा जो जुळत नाही, त्याच आकड्यांवर आपण ट्रकवाल्याला ॲप देणार आहोत. ट्रक चुकीच्या गोदामात जाऊन उभा राहिला की ते फोन तुम्हालाच करणार."

बराच वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाले, "बघतो."

दोन आठवडे घासाघीस झाली. शेवटी सहाचे चार झाले, आणि साहेब लोकांचा डॅशबोर्ड फेज थ्रीमध्ये ढकलला गेला. चार आठवड्यांत १४३ तिकिटं संपणार नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण साठा न जुळण्याचं मूळ कारण सापडलंय. दोन सर्व्हरच्या घड्याळांत फरक होता, बाकी काही नाही. आठ महिने पोरं हाताने जुळवत होती, कारण शोधायला कुणाला दोन दिवस दिलेच नव्हते. गेल्या सोमवारपासून रात्री कुणी जागलेलं नाही.

ऑनसाइटच्या यादीत माझं नाव बहुधा नाही. मॅनेजर हल्ली माझ्याशी जरा तोलून मापून बोलतात. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. शेवटी प्रॉडक्शनचा आकडा सगळ्यांना दिसतो, दगड फोडलेला दिसत नाही.

काल बाबांचा फोन होता. इकडचं तिकडचं झालं, धान घरी आलं, आईचे गुडघे दुखताहेत, वगैरे. ठेवता ठेवता म्हणाले, "तुह्या त्या कामाचं काय झालं? भरून राह्यले का?"

म्हटलं, "भरून राह्यलो बाबा. सहा मागितले होते, चारच आठवडे मिळाले."

"चार तं चार. भरताना मदात घाई नको करू. पानी निथळू दे."

असो. फँटम लिबर्टी अजून अर्धीच झालीय. या वीकांताला पूर्ण करीन म्हणतो. फेज टू सुरू झाली की मी पुन्हा दोन-तीन महिने गायब होणार, तेव्हा तोवर रामराम.